शिरोडकर काय करून राहिली होती

मे महिन्यातील नागपूरच्या दुपारी माणसे वाचतात, याचे श्रेय वाचनसंस्कृतीला देण्याचे कारण नाही. बारा ते पाच या वेळात घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते, आणि घरात कूलरच्या घरघरीमुळे संभाषणही फार वेळ चालत नाही. धरमपेठेतील एका घरात अशाच एका दुपारी, पदव्युत्तर वर्गांना मराठी कादंबरी शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेच्या भाचीने मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ वाचून संपवली. मुलगी वर्ध्याहून सुटीला आलेली. नववी उत्तीर्ण होऊन दहावीत जाणारी. म्हणजे कादंबरीतील मुलामुलींच्या नेमक्या वयाची. पुस्तक बाईंनीच तिच्या हाती दिले होते. गेली कित्येक वर्षे ही कादंबरी त्या वर्गात शिकवीत आल्या होत्या, आणि ती या मुलीला आवडणार याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. ती आवडलीही. तीन दुपारी पुस्तक खाली ठेवले गेले नाही. मधूनच मोठ्याने हसण्याचा आवाज येई. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मात्र भाची पुस्तक मिटून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“छान आहे गं मावशी. पण शिरोडकर काय करून राहिली होती, ते कुठंच नाही.”

“काय करत होती, म्हण,” बाई सवयीने म्हणाल्या.

“तेच. काय करत होती?”

चहा गाळता गाळता बाईंनी जे उत्तर दिले, ते त्यांनी वर्गात अनेकदा दिले होते. कादंबरीचा निवेदक मुकुंद जोशी हा नववीतला मुलगा आहे. जे त्याला दिसते तेवढेच कादंबरीला दिसते. शिरोडकरच्या मनात शिरण्याचा अधिकार त्याला नाही आणि लेखकाने तो त्याला दिला नाही, हाच या कृतीचा वाङ्मयीन प्रामाणिकपणा. मुलीने ऐकून घेतले. “हो का,” एवढेच म्हणून तिने कप उचलला. विद्यार्थी प्रश्न विचारतो, उत्तर मिळते आणि प्रश्न तसाच राहतो, असा क्षण शिकवणाऱ्याला ओळखता येतो. बाईंना तो ओळखता आला.

‘करून राहिली’ हा प्रयोग प्रमाण मराठीच्या कानाला खटकतो. विदर्भातील मुलांच्या निबंधांत तो लाल शाईने खोडला जातो, आणि पुढे शिकलेली माणसे तो स्वतःच्या बोलण्यातून स्वतःच खोडून टाकतात. बाईंनीही तो असाच कधीतरी खोडला होता. परंतु या बोलीतील हे क्रियापद एक बारीक काम करते, जे ‘करत होती’ला तितक्या ठसठशीतपणे जमत नाही. ‘करून राहिली’मध्ये क्रिया चालू असते, आणि ती कर्त्याच्या आपल्या वेळात चालू असते, पाहणारा आला-गेला तरी ती थांबत नाही. मुलीची तक्रार या अर्थाने काटेकोर होती. मुकुंदच्या कथनात शिरोडकर येते, जाते, वळून बघते, हसते, बोलतेही. ती काही करून राहिलेली मात्र नसते. मुकुंदची नजर वळली की तिचे असणेही थांबते.

‘शाळा’ २००४ साली मौज प्रकाशनातर्फे आली. आणीबाणीच्या काळातील एका लहान गावातील नववीचे एक वर्ष, चार मित्र, अर्धवट बांधून पडलेली एक इमारत, आणि त्या इमारतीत बसून चालणारे जगाविषयीचे, विशेषतः मुलींविषयीचे चिंतन, असा तिचा ऐवज. मराठीत कुमारवयाचे चित्रण त्यापूर्वी नव्हते असे नाही. पण ते बहुधा प्रौढाच्या हळव्या स्मरणातून आलेले असे. श्यामसारखे संस्कारांच्या चौकटीत बसवलेले, किंवा फास्टर फेणेसारखे साहसाच्या मार्गाने कुमारवयाला बगल देणारे. बोकिलांनी ती बोली, तो आगाऊपणा, ती भीती आणि तो निरर्थक वेळ पहिल्यांदाच अशा विश्वासाने पकडला. आणीबाणी पार्श्वभूमीला ठेवून शाळेच्या शिस्तीशी तिचे न बोलता जोडलेले नाते, शेवटाकडे हळूहळू रिकामे होत जाणारे मुकुंदचे जग, यांतील संयम आजही दाद घेतो. कादंबरीवरून ‘गमभन’ हे नाटक झाले. पुढे सुजय डहाके यांचा ‘शाळा’ हा चित्रपट आला आणि राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. एका पिढीने आपले शाळकरी वय या कादंबरीच्या शब्दांत आठवायला सुरुवात केली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अशा कृतीविषयी निराशा व्यक्त करणे थोडे अवघड असते. कारण निराशेचा रोख कृतीकडे आहे की तिच्यावर इतके दिवस केलेल्या प्रेमाकडे, हे सहज उलगडत नाही.

त्या रात्री बाईंनी आपली प्रत उघडली, तेव्हा तिच्या समासांत पेन्सिलीच्या खुणा आढळल्या. बाईंच्या स्वतःच्या जुन्या खुणा होत्याच: ‘निवेदन’, ‘उपरोध’, ‘काळाचा संदर्भ’. त्यांच्या शेजारी आता नवे, बारीक अक्षर होते, आणि ते फक्त शिरोडकर येते त्या पानांवर होते. ‘हिला माहीत आहे का?’ ‘घरी कोण कोण?’ ‘इथे का हसली?’ एका ठिकाणी नुसतेच ‘दप्तर?’ बाईंना प्रथम हसू आले. मग त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर संहितेत शोधायला घेतले, आणि बारा वाजेपर्यंत त्या शोधतच होत्या.

निवेदकाच्या मर्यादेचा बचाव तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. प्रथमपुरुषी निवेदनात इतरांचे अंतरंग अनुमानानेच कळणार. पण हे अनुमानही मुकुंद सर्वांच्या बाबतीत सारखे करीत नाही. पुनर्वाचनात बाईंच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती, आणि इतक्या वर्षांत ती लक्षात आली नव्हती याचेच त्यांना नवल वाटले. याच कादंबरीत, याच निवेदकाच्या नजरेतून, एक मुलगी पूर्ण उभी राहिली आहे. ती त्याची थोरली बहीण. मुकुंद तिला अंबाबाई म्हणतो. तिच्याशी भांडतो, तिच्यावर चिडतो, तिच्या टोमण्यांनी घायाळ होतो. ती नायिका नाही, तिच्यावर एकही भावपूर्ण परिच्छेद खर्ची पडलेला नाही. तरीही ती खोलीत नसताना घरात कुठेतरी आहे असे वाटत राहते. तिला तिचे म्हणणे आहे, तिच्या रागाला कारणे आहेत, आणि त्या कारणांचा मुकुंदशी संबंध असतोच असे नाही. म्हणजे हा निवेदक मुलगी पाहू शकतो. लेखकाला तर ती निश्चितच लिहिता येते. मग जी मुलगी निवेदकाला सर्वाधिक हवी आहे, तीच सर्वांत पुसट का?

याचे एक उत्तर असे की प्रेम माणसाला आंधळे करते आणि कादंबरी त्या आंधळेपणाचेच चित्रण करते. हे उत्तर मान्य करायला हरकत नव्हती, जर कादंबरीने त्या आंधळेपणाला कुठेतरी ठेच लागू दिली असती. कुमारवयीन निवेदकाची कथा सांगताना लेखकापाशी एक जुने साधन असते: निवेदकाला न कळलेले वाचकाला कळू देणे. बोकील ते अन्यत्र कौशल्याने वापरतात. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातील आणीबाणीचे दडपण मुकुंदला अर्धवट कळते आणि वाचकाला पुरते. नरूमामाच्या गप्पांतील फुशारकी मुकुंदला ज्ञान वाटते आणि वाचकाला गंमत. शिरोडकरच्या बाबतीत मात्र मुकुंद आणि वाचक यांच्यात असे अंतर पडत नाही. मुकुंदला जेवढी दिसते तेवढीच ती वाचकालाही दिसते, आणि मुकुंदला जितकी पुरते तितकीच वाचकालाही पुरावी अशी कादंबरीची अपेक्षा दिसते. पंधरा वर्षांच्या एका वाचकाला ती पुरली नाही.

स्त्रीचे अंतरंग पुरुष लेखकाला कळणार कसे, हा मुद्दा अशा वेळी पुढे केला जातो. मराठी कादंबरीचा इतिहास त्याला फारसा आधार देत नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ‘करमणूक’मध्ये १८९० पासून येऊ लागली तेव्हा आपटे पंचविशीच्या आसपासचे होते, आणि ते एका मुलीच्या तोंडून बोलत होते. यमूची दुःखे सुधारणावादी कादंबरीला हवी होती म्हणून ती आली हे खरेच. पण ती विश्वसनीय होते ती दुःखांमुळे नव्हे. दुःखांच्या आधी तिला एक बालपण दिले आहे; भावाशी असलेली लगट, रुसवे, तिच्या वयाला शोभणारा बावळटपणा. हेतुप्रधान कादंबरीचा सारा भार डोक्यावर असूनही आपट्यांनी यमूला वेळ दिला. उलट १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर हे नाव कोणाचे, स्त्रीचे की पुरुषाचे, यावर महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. मालतीबाई बेडेकरांना टोपणनाव घ्यावे लागले यातच पुष्कळ आले. अविवाहित मुलीच्या मनात काय चालते हे पुरुषाने लिहिले तर करुणा आणि स्त्रीने लिहिले तर खळबळ, असा तो न्याय होता.

याहून जवळचे उदाहरण प्रकाश नारायण संतांचे. ‘वनवास’ १९९४ साली आले आणि लंपन मराठी वाचकाच्या घरचा झाला. सुमीही लंपनच्याच नजरेतून येते. संतांनी तिला स्वतंत्र निवेदन दिलेले नाही. पण लंपनला सुमीविषयी जे वाटते त्यात त्याची फजिती मिसळलेली असते. सुमी त्याच्यापेक्षा कुठेतरी पुढे आहे, तिला काहीतरी ठाऊक आहे आणि ते आपल्याला सांगितले जाणार नाही, याची जाणीव त्या निवेदनात सतत असते. लंपनला सुमी कळत नाही आणि कळत नाही हे त्याला कळते. मुकुंदला शिरोडकर कळत नाही, आणि त्याला तसे फारसे वाटतही नाही. त्याला ती हवी आहे, आणि हवे असणे हेच कळणे असा त्याचा समज आहे. हा समज त्या वयाला शोभतो. कादंबरीनेही तोच बाळगावा का, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचा नागपूरशी एक जुना संबंध आहे. कुसुमावती देशपांडे यांनी ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ लिहिले. त्या नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या, कथाकार होत्या. १९६१ साली ग्वाल्हेर येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षी गेल्या. समीक्षक म्हणून त्यांनी शंभर वर्षांच्या कादंबरीचा हिशेब मांडला, हे सर्वांना माहीत असते. या समीक्षकेचे स्वतःचे कुमारवय ओलांडतानाचे लेखनही उपलब्ध आहे, ही गोष्ट मात्र त्या संदर्भात सहसा आठवली जात नाही. कवी अनिल आणि त्या वेळच्या कुसुम जयवंत यांचा पत्रव्यवहार १९२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा कुसुम अठराव्या वर्षात होत्या. ‘कुसुमानिल’ या नावाने तो १९७२ साली ग्रंथरूप झाला. त्याच विसाव्या दशकाच्या उत्तरार्धात ना. सी. फडके यांच्या ‘जादूगार’, ‘दौलत’ या कादंबऱ्या येऊ लागल्या, कॉलेजात जाणारी तरुणी मराठी कादंबरीची लाडकी नायिका झाली, आणि तिची पहिली ओळख तिच्या दिसण्यातून करून देण्याची रीत पक्की झाली. फडक्यांच्या नायिका आणि कुसुमची पत्रे शेजारी ठेवली तर काळ एक आहे, वर्ग एक आहे, शिक्षण एक आहे, असे दिसते. एक मुलगी मात्र दुसरीला ओळखणार नाही. पत्रांतील मुलगी शंका घेते, अभ्यासाने दमते, पुस्तकांविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलू लागते, आणि प्रेमात असूनही तिचा दिवस प्रेमापुरता उरत नाही. तिला कोणी पाहत नाही तेव्हाही ती असते. कादंबरीला जे जमले नाही ते टपालाने केले.

एखाद्या समीक्षकाने आपल्या शतकाच्या कादंबऱ्या वाचताना आपली अठराव्या वर्षातील पत्रे पेटीत असल्याचे विसरावे, हे शक्य नाही. कुसुमावतींच्या समीक्षेतील तो शांत, किंचित दूरस्थ स्वर कुठून आला असेल याचा एक अंदाज यातून बांधता येतो. तो अंदाजच आहे.

बाईंची अडचण वेगळी होती. त्यांच्यापाशी पत्रे नव्हती. आणि त्या विसरल्या होत्या.

१९८३ साली त्या नववीत होत्या. घर महालात, शाळा पायी वीस मिनिटांच्या अंतरावर. त्या पावसाळ्यात बडकस चौकाकडून जाणाऱ्या रस्त्यावरच्या पानठेल्याशी एक मुलगा सायकल टेकवून उभा राहू लागला. रोज, शाळा सुटण्याच्या वेळी. तो काही बोलला नाही, मागे आला नाही. नुसता उभा राहायचा. आठदहा दिवसांनी त्याच्याबरोबर आणखी दोघे उभे राहू लागले आणि त्या जवळून गेल्या की एकमेकांना कोपराने ढोसू लागले. त्यानंतर बाईंनी रस्ता बदलला. चिटणीस पार्काकडून वळसा घेऊन त्या घरी जाऊ लागल्या. दहा मिनिटे जास्त लागत. घरी सांगितले की त्या बाजूने मैत्रीण असते. मैत्रीण नव्हती. खरे सांगितले असते तर वडिलांनी दुसऱ्या दिवसापासून धाकट्या भावाला सोबत पाठवले असते, आणि शाळेच्या नाटकाच्या तालमी संध्याकाळी सातपर्यंत चालत, त्या बंद झाल्या असत्या. नाटक जुन्या धनवटे रंगमंदिरात होणार होते. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात ते नाटक होते, बीजगणिताची धास्ती होती, आणि तळ निघालेला एक बूट होता, जो दिवाळीपर्यंत पुरवायचा होता. तो मुलगा त्यांच्या डोक्यात नव्हता. तो फक्त त्यांच्या रस्त्यात होता.

‘लाइन देणे’ हा शब्दप्रयोग ‘शाळा’च्या वाचकांना इतका परिचित आहे की तो उच्चारताच हसू येते. त्याच गोष्टीला दुसऱ्या बाजूने नाव नाही. दहा मिनिटांचा वळसा, घरी सांगितलेले एक खोटे, मान खाली घालून ओलांडायचा एक चौक, याला मराठीत शब्द झालेला नाही. कारण त्याच्यावर कादंबरी झालेली नाही. बोकिलांची मुले टवाळ असली तरी दुष्ट नाहीत, हे खरे. मुकुंद तर फार हळुवार आहे. महालातील तो मुलगाही कदाचित हळुवार असेल. त्याचीही एखादी कादंबरी असेल. सुऱ्या केवडाला विचारतो, त्यानंतर जे प्रकरण होते त्याची झळ वाचकाला सुऱ्याच्या बाजूने लागते, मित्रांच्या बाजूने लागते. त्या दिवशी केवडा घरी कशी गेली, दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन कशी बसली, हे कोणी पाहत नाही.

यातले सर्वांत बोचणारे असे की ‘शाळा’ प्रथम वाचली तेव्हा बाई पस्तिशी ओलांडून पुढे आलेल्या होत्या, वाङ्मयाच्या अभ्यासक होत्या, आणि ती अर्धवट इमारत, तिथून खालच्या रस्त्यावर लावलेली नजर वाचताना त्यांना मनापासून हसू आले होते. बडकस चौक आठवला नव्हता. त्या मुकुंद होऊन वाचत होत्या. ज्युडिथ फेटर्ली या अमेरिकन समीक्षकेने १९७८ साली ‘द रेझिस्टिंग रीडर’ या पुस्तकात म्हटले होते की स्त्री वाचकाला पुरुषाच्या जागी बसून वाचण्याचे शिक्षण मिळते, आणि ती स्वतःविरुद्धच्या पक्षात बसून वाचते. बाईंनी हे पुस्तक स्त्रीवादी समीक्षेच्या तासाला शिकवले होते. दोन तासिका वेगवेगळ्या दिवशी असत. एक मंगळवारी, एक शुक्रवारी. मंगळवारची गोष्ट शुक्रवारपर्यंत कधी पोहोचली नाही.

कुमारवयीन नायिका लिहिणे कठीण का असते, याचे एक कारण अ‍ॅन फ्रँकच्या दैनंदिनीकडे पाहिले म्हणजे कळते. १९४४ च्या मार्चमध्ये रेडिओवरून युद्धकाळातील दैनंदिन्या जपून ठेवण्याचे आवाहन ऐकल्यानंतर त्या चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःचीच दैनंदिनी पुन्हा लिहायला घेतली. काही गाळले, काही घातले, दोन वर्षांपूर्वीच्या स्वतःवर टीका केली. या वयातील माणूस सहा महिन्यांपूर्वीच्या स्वतःला ओळखत नाही. तो सतत दुरुस्त होत असतो. प्रौढ लेखक त्याला एका ठिकाणी धरून ठेवू पाहतो, आणि मुलगी असली तर जरा जास्तच घट्ट. कारण तिला एक तर कुणाला तरी आवडायचे असते, नाही तर वाचणाऱ्या मुलींपुढे आदर्श ठेवायचा असतो. मराठीतील किशोर वाङ्मयात ही दुसरी तऱ्हा उदंड आहे: हुशार, धाडसी, समजूतदार मुली, ज्यांना कधी कंटाळा येत नाही आणि ज्या घरी खोटे बोलत नाहीत. ना. धों. ताम्हनकरांची ‘चिंगी’ त्यांच्यापेक्षा वयाने लहान आणि कितीतरी जास्त खरी होती. शिरोडकर या आदर्श मुलींपैकी नाही, हे तिच्या लेखकाचे श्रेय. तिला आवडण्यापलीकडचे काम मात्र मिळालेले नाही.

भाचीच्या प्रश्नाचा उरलेला भाग बाईंना दोन दिवसांनी कळला, तोही वर्ध्याहून बहिणीचा फोन आला तेव्हा. मुलीचे वडील बँकेत. बदलीचा हुकूम आला होता आणि जूनमध्ये बिऱ्हाड नांदेडला हलणार होते. बदली होणार हे बाईंना महिनाभरापासून ठाऊक होते. त्यांनी त्यासाठी नांदेडच्या एका जुन्या विद्यार्थ्याला शाळेच्या प्रवेशाविषयी विचारूनही ठेवले होते. ठाऊक असलेल्या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या नव्हत्या, एवढेच. ‘शाळा’च्या शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. मुकुंदला ते उशिरा कळते, आणि कादंबरीचा सगळा विषाद त्या उशिरात साठलेला आहे. वाचक ज्या दाराशी उभा राहतो ते बाहेरचे दार आहे. आत सामान कोणी बांधले, दहावीच्या तोंडावर शाळा सोडणाऱ्या मुलीने वह्यांचे काय केले, कोणाला पत्ता दिला आणि कोणाला मुद्दाम दिला नाही, हे दाराच्या आतले. ‘काय करून राहिली होती’ असे विचारणारी मुलगी निवेदनतंत्राविषयी विचारत नव्हती.

“तुला जायचं नाही का नांदेडला?” बाईंनी त्या संध्याकाळी अंबाझरीच्या बंधाऱ्यावर फिरताना विचारले.

“जायचं आहे ना. तिकडे शाळा मोठी आहे,” भाची म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “आमच्या वर्गातल्या पोट्ट्यांना अजून सांगितलंच नाही मी. त्यांना जूनमध्ये कळेल.”

ती हसत होती. या हसण्याचा अर्थ एकच नव्हता, आणि बाईंनी तो विचारला नाही.

मुलीच्या हाती आता काय द्यावे, हा प्रश्न बाईंनी कपाटासमोर उभे राहून सोडवायचा प्रयत्न केला. हवी होती ती कादंबरी. सापडत होते ते सगळे कादंबरीबाहेरचे. ‘कुसुमानिल’ तिला अजून दोनतीन वर्षांनी. गौरी देशपांडे, सानिया यांच्या नायिका तिच्याहून फार पुढच्या वयाच्या. आशा बगे यांच्या ‘भूमी’तील मैथिली मुलगीपणातून वाढत जाते खरी, आणि ती नागपूरच्याच लेखिकेने लिहिलेली, पण त्या कादंबरीची लय प्रौढ वाचकाला धरून आहे. शेवटी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली. ते १९३४ पासून भागांनी आलेले आत्मचरित्र. किशोरांसाठी लिहिलेले नाही, नायिका घडवण्याचा त्यात प्रयत्न नाही. त्यातील मुलगी सोवळ्याच्या वेडाने घर धुऊन काढणाऱ्या वडिलांच्या हाताखाली वाढते, लहानपणीच लग्न होऊन सासरी जाते, चुकते, फसते, हट्ट करते. आणि सांगणारी म्हातारी तिची कड घेत नाही, तिला हसते. स्वतःच्या बावळटपणाला इतक्या मोकळेपणाने हसलेली मुलगी मराठी कादंबरीत अजून यायची आहे.

भाची ते पुस्तक घेऊन वर्ध्याला गेली. ‘शाळा’ टेबलावर राहिली, समासांतील पेन्सिलीसह. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाई पुढील सत्राच्या टिपणांना बसल्या, तेव्हा ‘निवेदकाची मर्यादा’ या जुन्या मथळ्याखाली त्यांनी अंबाबाईविषयी चार ओळी लिहिल्या आणि पुढे ‘दप्तर?’ असे लिहून तिथेच थांबल्या. तेवढ्यात वर्ध्याहून फोन आला. मागे भांडी वर्तमानपत्रात गुंडाळल्याचा आवाज येत होता.

“मावशी, हिला तर एका जागी कुणी राहूच देत नाही गं. किती घरं बदलून राहिली ही!”

“हो. टिळकांचा पाय ठरत नसे.”

“नागपूरला पण येते म्हणे. ते कुठल्या पानावर आहे?”